आतल्या आत जकात नाही

आमच्या मजल्यावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला मोरजकरकाका तीन प्रश्न विचारत. "माल काय? आला कुठून? जाणार कुणाकडे?" मग तो दूधवाला असो, पेपरवाला असो, की लेकीचं नवं घर बघायला आलेले माझे वडील असोत. वडिलांच्या हातात फक्त छत्री होती. काकांनी ती निरखून पाहिली आणि म्हणाले, "वापरातली वस्तू. पास!"

वडील आत येऊन हळूच म्हणाले, "सुमे, तुमच्याकडे जिन्यात पोलीस बसवलाय का?"

पोलीस नव्हे, कारकून. काका खाडीपुलापलीकडच्या जकात नाक्यावर कामाला होते. ट्रक थांबवायचा, ताडपत्री उचलून माल बघायचा, जकात लावायची, सोडायचा. घरी आल्यावरही हे अंगातून जात नसे. लुंगी लावून, जिन्याच्या तोंडाशी लोखंडी खुर्ची टाकून बसत.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वाशी तेव्हा नवीकोरी होती, म्हणजे रस्ते रुंद आणि त्यावर माणूस नाही. मजल्यावर चार दारं. एक आमचं, एक परभणीकडून आलेल्या कमलताई कांबळेचं, एक काकांचं, आणि चौथ्याला कायमचं कुलूप. मी नुकतं लग्न होऊन आलेली, आणि स्वतःला फार दुःखी समजणारी. माहेर दादरला, एका बसच्या अंतरावर. पण रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून खाडीकडे अशी बघायची, जणू मला अंदमानला धाडलंय. नवऱ्याने "चहा मिळेल का?" विचारलं की असा उसासा सोडायची, की बिचारा स्वतःच जाऊन आधण ठेवायचा. उसाशाचा तेवढा फायदा होता.

एका बाबतीत मात्र मी कडक होते. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही! आईची शिकवण. कमलताईही तसलीच. तिने शेंगदाण्याची चटणी पाठवली की मी त्या वाटीतून रव्याचे लाडू धाडायचे. लाडवांना उत्तर म्हणून तिचे धपाटे यायचे. मग मी हट्टाने पुरणपोळीवर जायचे. महिनाअखेरीला दोघींचे डबे खडखडीत आणि वाट्या अडकलेल्या. माझ्या फळीवर तिच्या वाट्या, तिच्याकडे माझा डबा. आत घालायला काही नाही म्हणून वाटी जात नाही, आणि वाटी गेली नाही म्हणून तोंड दाखवायचं नाही. ती कचरा टाकून आत गेली की मग मी कचरा टाकायला निघायचे.

काकांनाही मी सुरुवातीला एकदा वाटीभर उसळ दिली होती. ती वाटी कितीतरी दिवस आली नाही. आली तेव्हा तिच्यात चार ग्लुकोज बिस्किटं होती. "माणूस जरा रुक्षच दिसतो," असा निकाल देऊन मी पुन्हा काही पाठवलं नाही.

एका रविवारी काकांनी दोन्ही दारं वाजवून आम्हाला पॅसेजमध्ये बोलावलं.

"तुमच्या दोघींच्या मध्ये नाका आहे," ते म्हणाले. "वाटी भरून द्यायची, ही झाली जकात. त्यामुळे माल तुंबलाय. तिकडे युरोपातली माणसं बघा. एकमेकांशी केवढी लढली, पण शेवटी शहाणी झाली. आपसातली जकातच काढून टाकली. बाहेरच्याला सगळ्यांचा मिळून एक दर, आणि आतल्या आत जकात नाही! माल कसा मोकळा फिरतो. मालाबरोबर माणसंही फिरतात."

"म्हंजी वाटी रिकामी द्यायची?" कमलताईने डोळे मोठे केले.

"रिकामी. विसळून."

"इश्श," मी म्हणाले. त्या वयात मी दर दोन वाक्यांमागे इश्श म्हणायचे.

पण काय सांगू, आठवडाभरात मजला बदलला. उरलेली अर्धी वाटी आमटीसुद्धा बिनधास्त फिरू लागली. कमलताईचा ठेचा माझ्याकडे, माझं सोलकढीचं भांडं तिच्याकडे, आणि दोघींचं थोडंथोडं काकांकडे. काकांची वाटी रात्रीच्या आत परत यायची. लख्ख घासलेली, रिकामी. जवळच्या शिरवणे गावाहून मासळी घेऊन येणारी हिराबाई आधी प्रत्येक दाराला वेगळा भाव सांगायची. आता तिन्ही घरांच्या वतीने काका एकच भाव करायचे. ती टोपली आपटून म्हणायची, "ह्यो बाबा नाक्याव ट्रक आडवतो, न घरी येऊन मना आडवतो! बायको नाय का ह्याला कोन?"

काका हसायचे आणि टोपलीतली मासळी निरखायला लागायचे.

एक कलम मात्र मला जाचक होतं. बाहेरून आलेल्या खाऊचे तीन समान वाटे. आणि नेमका आईने दादरहून नारळाच्या वड्यांचा डबा पाठवला. डबा उघडला तर आत सगळं माहेर. मला त्यातलं कुणाला काही द्यायचं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे बसून खावा म्हणून पदराखाली डबा घेऊन निघाले, तर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची.

"माल काय?"

"कपडे. इस्त्रीला."

"कपड्यांना वेलदोड्याचा वास येतोय, वहिनी."

मी इतकी भडकले की काही विचारू नका. "माझ्या आईच्या वड्या आहेत! मला नकोच तुमचं हे युरोप. उद्यापासून मी बाहेर. माझी वाटी माझ्याकडे भरूनच यायला हवी!" आणि दार आपटलं. आतून कान लावून ऐकलं. बाहेर लोखंडी खुर्ची उचलल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. काका उभे. आदल्या दिवशीच्या आमटीची माझी वाटी त्यांच्या हातात, वर पेपरचा तुकडा.

"जकात भरायला आलोय," ते म्हणाले.

आत शिरा होता. म्हणजे रवा होता, साखर होती, गुठळ्या होत्या आणि खालून काळा थर होता. काकांच्या दोन बोटांना ओलं फडकं गुंडाळलेलं.

"पहिल्यांदाच केला. ती होती तोवर स्वयंपाकघराचा नाका तिच्याकडे. मला आत सोडायची नाही." ते थोडं हसले. "मागे बिस्किटं घातली होती, ती बरी दिसली नाहीत, नाही का? हा पास होईल?"

कमलताई तिच्या दारातून बघत होती. म्हणाली, "सुमन, अगं त्या मानसानं वाटीत काय घालावं गं?"

मी तिथेच उभ्याने शिरा खाल्ला. काळ्या थरासकट. डोळ्यांत पाणी आलं ते जळक्या वासाने, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. मग वड्यांचा डबा आणला आणि पॅसेजमध्ये फतकल मारून तिघांचे वाटे केले. काकांनी मात्र आपल्या वाट्यातली एक वडी माझ्या वाट्यात सरकवली. "माहेरचा माल. यात थोडी सूट असते."

पुढे काका रिटायर झाले आणि गावी पुतण्याकडे जायचं ठरलं. निघायच्या दिवशी बॅग खाली ठेवून दार वाजवलं. हातात माझी वाटी.

"रिकामी आहे हं वहिनी. नियमाप्रमाणे."

वाटी चकचकीत घासलेली होती. मला ती हातात घेववेना. म्हटलं, "राहू दे तुमच्याकडे. परत द्यायला या."

त्यांनी बॅग उघडली, वाटी धोतराच्या घडीत नीट ठेवली, आणि सवयीने जिन्याच्या तोंडाशी क्षणभर थांबले. त्यांना "माल काय?" विचारायला तिथे कुणी नव्हतं.

आता नव्या इमारतीत माझ्या मजल्यावर आठ दारं आहेत. सगळ्यांना जाळीची दारं, त्यामागे लाकडी. माझ्या सहाच्या संचात पाचच वाट्या आहेत. सून दर दिवाळीला भांडी काढताना विचारते, "आई, सहावी कुठेय हो?"

मी सांगते, "नाक्यावर अडकलीय गं. येईल."