दहा दिवसांचं मांजर

“कुत्रा पाळणं म्हणजे घरात शिपाई ठेवणं, लालासाहेब! साहेब आला, शेपूट हलव. साहेब ओरडला, शेपूट पायात घाल. मांजराचं तसं नाही. मांजर म्हणजे स्वाभिमान!”

वाईच्या पोस्टात तिकिटांच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं काढलेले आणि प्रत्येक नव्या पोस्टमास्तरांच्या घरी पहिल्याच रविवारी पेढे घेऊन जाणारे अनंतराव स्वाभिमानावर बोलत होते. ऐकायला लालासाहेब पोस्टमन होता. हा औंधच्या पलीकडचा, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस. चहा मिळतो म्हणून रविवारी यायचा आणि चहाच्या बदल्यात ऐकून घ्यायचा. पण कुत्र्याचा विषय निघाला आणि त्यालाही राहवलं नाही.

“साहेब, आमचं कुत्रं चार दिस उपाशी राहील, पर कळप सोडनार न्हाई. तुमच्या मांजराला एक दिस दूध घालू नका, वळख तरी दील का?”

“ओळख? थांबा, दाखवतोच!”

मैना वेताच्या खुर्चीत गाढ झोपली होती. झोपलेल्या मांजराला उचलू नये, हे मांजर पाळणाऱ्या कुणालाही कळतं. पण अनंतराव त्या क्षणी मांजर पाळत नव्हते, मांजरावर भाषण करत होते. त्यांनी तिला बखोटीला धरून उचललं आणि तिने स्वाभिमान दाखवला. उजव्या अंगठ्यात, दोन्ही सुळे, मुळापर्यंत!

“आई गं!”

मैना खिडकीतून बाहेर. अंगठ्यातून रक्ताची धार. गोदावरीबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या. लालासाहेबाने मात्र चहाची बशी खाली ठेवली आणि हलक्या आवाजात विचारलं, “साहेब, पिसाळल्यालं तर न्हाई न्हवं? आमच्या गावात एकाला मांजर चावलं हुतं.”

“मग?”

“मग काय... लय चांगला मानूस हुता.”

अर्ध्या तासात अनंतराव सरकारी दवाखान्यात होते. डॉक्टरांनी जखम साबणाने धुतली आणि विचारलं, “मांजर घरचं आहे ना? मग दहा दिवस नजरेखाली ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिलं तर काळजी नाही. मेलं किंवा दिसेनासं झालं, तर चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील. पोटात.”

“पोटात?”

“आणि मांजर रोज स्वतः बघायचं. दुसऱ्याच्या सांगण्यावर जायचं नाही. लोक कुठलंही मांजर बघून येतात.”

नाथाजी कंपाउंडर हौशी माणूस होता. त्याने अनंतरावांना जाता जाता बाजूला घेतलं. “काका, बेंबी म्हंजे घड्याळाचा मधला खिळा समजायचा. बारापास्नं सुरवात करायची, येक, दोन, तीन असं फिरत जायचं. बारा सुया झाल्या की दोन उरत्यात. त्या तुमी म्हनाल तितं मारतो!”

अनंतराव दोन्ही हातांनी पोट धरून घरी आले.

“कुत्रा असता तर साखळीला बांधून मोकळे झालो असतो,” गोदावरीबाई म्हणाल्या. पंचवीस वर्षांच्या संसारात त्या एवढं खरं आणि एवढं टोचणारं क्वचितच बोलल्या असतील.  संध्याकाळी मैना दुधाला आली तेव्हा अनंतरावांनी तिला टोपलीखाली कोंडलं, वर पाटा ठेवला. टोपली चालायला लागली. न्हाणीघरात कोंडलं, तर तिथल्या झरोक्यातून ती निघून गेली. झरोका एवढासा होता. मांजर कसं गेलं ते देवाला माहीत!

दुसऱ्या दिवशी सकाळी मैना दुधाला आली नाही. अनंतराव गंगापुरीच्या गल्लीत “मैने, मैने” करत फिरायला लागले. सत्तावन्न वर्षांचा गृहस्थ सकाळी आठ वाजता असा हाका मारत फिरतो म्हटल्यावर दोन बायकांनी दारं लावून घेतली. शेवटी गल्लीच्या तोंडाशी रंगुबाई भेटली. ती चार घरची भांडी घासायची आणि चाळीस घरच्या बातम्या ठेवायची.

“करड्या रंगाचं मांजर व्हय? त्ये तुमच्या धाकल्या भावाकडं असतंय की! रोजचंच हाय त्येचं. हितं तुमच्याकडं नुसतं दुधाला येतंय. दुपारचा दहीभात, निजनं-बसनं समदं तितं. तितं त्याला ठकूबाई म्हनत्यात.”

अनंतरावांच्या पोटात पहिली सुई तिथेच टोचली.

धाकटा भाऊ म्हणजे सुमंत. घर शेजारीच होतं, मध्ये फक्त एक भिंत. पण या भिंतीवरून अकरा वर्षांत शब्द गेला नव्हता. झालं होतं एवढंच, की वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी सुमंतच्या कुत्र्याने, सुभेदारने, खिरीच्या पातेल्यात तोंड घातलं. अनंतरावांनी बसायचा पाट उचलून त्याच्या पाठीत घातला. सुमंत म्हणाला, “दादा, मारू नकोस, बाबा त्याला हाताने भरवायचे!” त्यावर अनंतराव सगळ्या भटजींसमोर म्हणाले, “मग बाबांचं श्राद्धही पुढच्या वर्षीपासून त्याच्याकडूनच करून घे!” असली वाक्यं माणूस रागात बोलतो आणि मग ती खरी करण्यात आयुष्य घालवतो. चार वर्षांपूर्वी सुमंतची बायको गेली. अनंतराव घाटावर गेले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले, आणि भावाशी एक शब्द न बोलता परत आले. याला ते बाणेदारपणा म्हणत.

“तू जाऊन बघून ये ना गं,” त्यांनी बायकोला विनवलं.

“मी नाही जायची. भांडलात तुम्ही आणि मांजरही तुम्हालाच चावलंय.”

एका बाजूला बाणेदारपणा, दुसऱ्या बाजूला चौदा सुया. बाणेदारपणाने पाच मिनिटं तग धरला.

दार सुमंतनेच उघडलं. केस पार पिकले होते, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. आधी पुढे आला तो सुभेदार. म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेला. त्याने अनंतरावांचा पाय हुंगला आणि शेपूट हलवली! पाठीत बसलेला पाट हा प्राणी विसरला होता. अनंतरावांना आत कुठेतरी चरचरलं, पण त्यांची नजर सुमंतच्या खांद्यावरून आत मांजर शोधत होती.

“दादा,” सुमंत दारातून बाजूला झाला. “ये ना. आत ये.”

मैना आत खिडकीत बसली होती. अनंतराव तिच्याकडे एकटक बघत म्हणाले, “काय, बरं आहे ना?”

“बरं आहे. गुडघा दुखतो जरा.”

“खाणंपिणं?”

“होतं थोडंफार.”

“तोंडाला फेस वगैरे?”

“काय?”

“नाही, म्हणजे... पाणीबिणी पितोस ना नीट?”

सुमंतच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको गेल्यापासून त्याला हे कुणी समोर येऊन विचारलं नव्हतं. तो लगबगीने चहा टाकायला गेला आणि अनंतराव मांजराच्या जबड्यात डोकावले.

मग हे रोजचंच झालं. सकाळी नऊला अनंतराव हजर! तिसऱ्या दिवशी पोहे, चौथ्या दिवशी थालीपीठ. अंगठ्याच्या पट्टीबद्दल सुमंतने विचारलं, तेव्हा “खिळा लागला” म्हणून सांगितलं. सहाव्या दिवशी मांजर उंडारायला गेलं होतं, त्यामुळे तीन तास बसावं लागलं. सुमंतला वाटलं, दादाचा पाय निघत नाही. त्याने जुने फोटो काढले. लहानपणी कृष्णेत कुणाची धोतरं सोडून दिली होती ते आठवून दोघं इतके हसले, की सुभेदार उठून भुंकायला लागला. अनंतराव खुशीत घरी आले, चपला काढल्या, आणि आठवलं, मांजर बघायचं राहिलंच! तसेच परत गेले.

“काय विसरलास?”

“चष्मा.”

चष्मा नाकावर होता. सुमंत हसला. भाऊ काहीतरी निमित्त काढून परत आला, एवढंच त्याला कळलं.

इथे तुम्ही म्हणाल, याच दिवशी सांगून टाकायचं की! अनंतरावांनाही तसं वाटलं होतं. पण खोटं बोलण्यात एक सोय असते. दहीभात मिळत असेल तोवर कुणी उठत नाही.

नवव्या दिवशी अनंतराव गेले तर घरात गडबड. सांगलीहून सुमंतची मुलगी आली होती, ऋचा. बाबांनी एस.टी.डी. बूथवरून फोन केला म्हणून सकाळच्या गाडीने, भडंगाचे पुडे घेऊन. तिने वाकून नमस्कार केला.

“मोठे काका, मी वर्षभर बाबांना सांगतेय, सांगलीला चला, एकटे राहू नका. तयार झाले होते. आता म्हणतात, येणार नाही. इथे दादा रोज येतो म्हणतात!”

“दादा येतो म्हटल्यावर कशाला जाऊ?” सुमंत आतून ओरडला. तो शिरा करत होता. अकरा वर्षांनी दोन्ही घरांचं एकत्र जेवण, गोदावरीवहिनींनाही निरोप गेला होता.

तेवढ्यात दारात सायकल वाजली. नाथाजी कंपाउंडर!

“घरी गेलो हुतो, काकू म्हनल्या हितं हायसा. कुठंय त्ये मांजर? डाक्टरांनी बघून ये म्हनलंय. सुया साताऱ्यास्नं मागवाय लागत्यात, आधी सांगाय पायजे.” मग त्याला खिडकीत मैना दिसली. “आरं वा, ठणठणीत हाय की! नऊ दिस न चुकता यिऊन बघितलं न्हवं? आता उद्या येकदा बघा, काका, की सुटला! मग हिकडं फिरकायची बी गरज न्हाई!”

तो सायकलवर बसून निघूनही गेला. चांगली बातमी दिल्याच्या आनंदात होता बिचारा.

ऋचाच्या हातात भडंगाची बशी तशीच राहिली. सुमंत हातात उलथणं घेऊन दारात उभा होता. त्याने आधी मांजराकडे पाहिलं, मग अनंतरावांच्या अंगठ्याकडे.

“खिळा म्हणाला होतास,” तो म्हणाला.

 स्वाभिमानावर तासभर बोलणाऱ्या माणसाने पट्टीचा अंगठा मुठीत लपवला. शिरा करपल्याचा वास यायला लागला. सुमंत आत वळता वळता म्हणाला, “उद्या ये. बघून जा.”

हा टोमणाच, असं अनंतरावांनी घरी येता येता ठरवून टाकलं. दोन घरांमधल्या बारा पावलांत त्यांचं ठरलंही आणि रागही आला. मग घरात बसून रडू आलं, ते मात्र खरं होतं.

दहाव्या दिवशी गोदावरीबाई म्हणाल्या, “जा. मांजर बघा, आणि पाया पडून मोकळे व्हा.”

“आज गेलो तर मांजरासाठीच गेलो असं होईल! नाही जाणार. मी सुया घेईन. चौदाच्या चौदा! आणि मग कुठल्याही मांजराशिवाय भावाला भेटायला जाईन!”

“अहो, पण त्यापेक्षा—”

“एक शब्द नाही! चौदा दिवस त्या घरातलं मला काही सांगायचं नाही. मांजर जिवंत आहे हे कळलं, तर माझ्या सुयांना अर्थ काय?”

त्यांनी स्वयंपाकघराची त्या बाजूची खिडकी खिळे मारून बंद केली, डॉक्टरांना “मांजर दिसत नाही” म्हणून सांगितलं आणि पोस्टातून रजा काढली. गल्लीतून नको म्हणून मागच्या दाराने दवाखान्यात जायला लागले. बारा वाजल्याची सुई झाली, एकची झाली, तीनच्या सुईला ते मोठ्याने ओरडले. सहापर्यंत पोट दगडासारखं झालं. पण प्रत्येक सुईला त्यांना आपण थोडे थोडे मोठे होत असल्यासारखं वाटत होतं. गोदावरीबाईंनी तीन वेळा “अहो, भावजी—” म्हणून सुरुवात केली. तीनही वेळा त्यांनी कान झाकले. मग बाईंनीच नाद सोडला.

चौदावी सुई झाली. अनंतरावांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, सुजलेलं पोट सांभाळत, पाय फाकवत, पुढच्या दाराने निघाले. तोंडात वाक्य तयार होतं, “सुमंत, मी तुलाच भेटायला आलोय.”

दाराला कुलूप होतं.

पायरीवर रंगुबाई बसली होती, शेजारी दुधाची वाटी. खिडकीच्या कट्ट्यावर मैना सावकाश अंग चाटत होती.

“सुमंत कुठाय?”

“आवं काका, धाकलं काका गेलं की सांगलीला! पंधरा दिस झालं. पोरगी घिऊन गेली. कुत्र्याला बी नेलं. मांजर काय हालंना, त्येला घर पायजे.” रंगुबाईने पदराने वाटीचा काठ पुसला. “त्या दिशी तुमची लय वाट बघितली त्येंनी. दुपारची गाडी सोडली, सांजच्या गाडीनं गेलं. म्हनलं, मांजरासाठी का व्हईना, दादा आज तरी यील. शेवटी म्हनलं, आला आसता तर ऱ्हायलो आसतो.”

अनंतरावांना पायरीवर बसावंसं वाटलं. पोट वाकेना, म्हणून ते उभेच राहिले.

“जाताना मला बजावून गेल्यात. रंगुबाई, ह्या खिडकीतच दूध ठेवत जा रोज, दादाला त्येच्या घरातनं दिसलं पायजे. मांजर मरू दिऊ नगं, न्हाईतर माझ्या भावाला सुया टोचतील.” ती समाधानाने हसली. “येक दिस चुकवला न्हाई बगा मी! न्हाई न्हवं टोचल्या?”

अनंतरावांनी सदरा पोटावरून खाली ओढला.

“नाही,” ते म्हणाले.