टोक काढून देता का, सर?

परीक्षा जवळ आली की शाळेत पहिली कुऱ्हाड पडते ती चित्रकलेच्या तासावर. तास गणिताला जातो आणि चित्रकलेचे सर, म्हणजे सगळ्या शाळेचे ब्रशसर, शिक्षकखोलीत खिडकीशी बसून राहतात. घरी जावं तर घरी आहे कोण? बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. घरात बोलणारा एक रेडिओ होता, तोही खरखरत बोलायचा.

या वर्षी मुख्याध्यापकांच्या मनात आलं, परीक्षेच्या दिवसांत मुलांना आणि शिक्षकांनाही मन मोकळं करायला एक जागा हवी. जागा म्हणून ऑफिसशेजारची खोली ठरली आणि माणूस म्हणून ब्रशसर ठरले, कारण दुसरं कोणी रिकामं नव्हतं.

"मी नक्की करायचं काय?" ब्रशसरांनी विचारलं.

"काही नाही हो. कोणी आलं तर ऐकून घ्यायचं. आणि नाहीच कोणी आलं, तर मग सुट्टीपर्यंत घरी आराम करा. उगाच हेलपाटे कशाला?"

आराम म्हणजे पुन्हा तो खरखरता रेडिओ. त्यांनी त्याच दिवशी दारावर झोकदार पाटी रंगवली, 'या, बसा, बोला'. खुर्च्या पुसल्या, पाण्याचा जग भरला आणि वाट बघत बसले.

कुत्रंही फिरकलं नाही. गोम अशी होती, की कॉपी करताना सापडलेल्या मुलांना वर्षानुवर्षं याच खोलीत आणून बसवत. त्या दारावर 'बोला' वाचून मुलांना घामच फुटायचा. मुख्याध्यापकांच्या हे ध्यानात आलं नाही आणि ब्रशसरांना तर ठाऊकच नव्हतं. चित्रकलेत कॉपी करतो कोण? त्यांना आपलं वाटलं, पाटीचा रंग चुकला. त्यांनी हिरवी पाटी निळी केली. तरी कोणी आलं नाही.

भूमितीच्या पेपराच्या दिवशी मात्र दार किलकिलं झालं. दोन वेण्यांची एक मुलगी इकडेतिकडे बघत आत आली.

"सर, टोक काढून देता का? पटकन. वर्गात बसले आणि मोडलं."

इतक्या दिवसांत आलेलं हे पहिलं माणूस. ब्रशसर खुर्चीतून उठलेच.

"बस की!"

"नको सर, पेपर आहे."

"अगं, घाईत काढलेलं टोक घाईतच मोडतं."

त्यांनी चाकू काढला आणि लाकडाची साल हळूहळू उलगडू लागले. कुठली पेन्सिल कशाला चांगली, शिसं तिरकं कसं धरायचं, असं करत करत गाडी घरापर्यंत आली. "तुझ्या काकू शब्दकोडी सोडवायच्या ना, त्या पेन्सिलीनेच. रोज सकाळी मी टोकं काढून ठेवायचो. अजून काढतो. डबा भरलाय नुसता. कोडी सोडवणारंच कोणी नाही."

घंटा झाली. ब्रशसरांना ती ऐकूच आली नाही. मुलीने ऐकली, पण असं बोलत असलेल्या माणसाला मध्येच तोडून कसं जायचं, हे तिला कोणत्याच विषयात शिकवलेलं नव्हतं.

तिकडे वर्गात गणिताच्या बाईंना रिकामा बाक दिसला.

"ही कुठे गेली?"

"बाई, ती त्या खोलीत आहे," मागून आवाज आला.

"पेपर सुरू व्हायच्या आधीच पकडली?" बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे पेपर फुटला!"

शेजारच्या वर्गातल्या सरांना दोन्ही वर्गांवर लक्ष ठेवायला सांगून बाई धावल्या. शिपाई मुख्याध्यापकांकडे धावला आणि जाता जाता फाटकाशी थांबलेल्या मुलीच्या आईलाही सांगून गेला. क्षणात खोलीत दाटी झाली.

"माझ्या पोरीने काही केलं नाही हो!" आई रडू लागली. "मीच तिला बसू देत नाही, झोपू देत नाही. माझंच चुकलं!"

"ताई, चुकलं ते माझं," गणिताच्या बाईही रडायला लागल्या. "सगळ्यांचे तास घेतले, तरी भूमिती संपली नाही. मला स्वप्नातसुद्धा त्रिकोण दिसतात."

"आणि मी? मी कोणाला तोंड दाखवू?" मुख्याध्यापक खुर्चीत कोसळले. "सगळं माझ्याच डोक्यावर. या शाळेत मला कोणी विचारतं का, तुम्ही कसे आहात म्हणून?"

ब्रशसर एका हातात चाकू, दुसऱ्या हातात पेन्सिल धरून उभे होते. सगळे थांबले तेव्हा मुलगी म्हणाली, "सर, झालं का टोक?"

तिने पेन्सिल घेतली आणि वर्गाकडे धूम ठोकली. "गेलेला वेळ वाढवून देते गं!" म्हणत बाई मागोमाग पळाल्या. आई दोन पेले पाणी प्यायली आणि डोळे पुसत बाहेर गेली. मुख्याध्यापक जरा वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांना आपण मुख्याध्यापक असल्याचं आठवलं.

"सर, एका पेन्सिलीपायी शाळा डोक्यावर घेतलीत. उद्यापासून येऊ नका. घरी आराम करा."

ब्रशसरांनी चाकू खिशात घातला आणि घरची वाट धरली. चूक त्यांचीच होती. घरी आल्यावर त्यांनी रेडिओसुद्धा लावला नाही. पेन्सिलींचा डबा उघडला, बंद केला, आणि फार एकटं वाटलं.

सकाळी ते फक्त पाटी उतरवायला गेले, तर दारात रांग. पुढे मुलीची आई, मागे गणिताच्या बाई, त्यांच्यामागे काही मुलं. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल.

"सर, एवढं टोक काढून द्या ना," आई म्हणाली.

"बाई, तुम्हीपण?"

"काय करू, मोडलं," गणिताच्या बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

त्या दिवशी पेपर भाषेचा होता. त्यात पेन्सिलीचं काडीचंही काम नव्हतं.

पेपरची वेळ झाली तशी मुलं गेली, बाई गेल्या. सगळ्यात शेवटी मुख्याध्यापक आत आले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि खिशातून एक पेन्सिल काढली. नवी कोरी, एकदाही टोक न काढलेली.

ब्रशसरांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. कसे आहात?"

मुख्याध्यापक बसले. "सावकाश काढा," ते म्हणाले. "मला घाई नाही."