प्रमिलाताई आणि न फुटणारा आकडा

प्रमिलाताई कुणाच्याही घरी गेल्या की चहापाण्याच्या आधी तिथल्या कॉम्प्युटरच्या पाठीवर तळवा ठेवतात. आजारी पोराचं कपाळ बघावं तसा. फरक एवढाच, की अंग गार लागलं तर यांच्या जिवाला घोर लागतो.

"गार आहे हो! बेकार बसलाय बिचारा," असं म्हणून त्या घरमालकाकडं अशा बघतात, जणू त्यानं तरणाताठा मुलगा कामधंद्याविना घरात बसवून ठेवलाय.

गुलमंडीतल्या माझ्या कापडाच्या दुकानात त्या पहिल्यांदा आल्या त्या ब्लाउजपीस बघायला. ब्लाउजपीस राहिला बाजूला. "मुकुंदराव, बिलं करण्याशिवाय हा दुसरं काय करतो?" त्यांनी कॉम्प्युटर थोपटत विचारलं. हा प्रश्न मला आजवर फक्त मेहुण्याबद्दल पडला होता. मी उत्तर शोधेपर्यंत ताईंनी माझं दुकान कामाला लावलं.

काम असं. एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानंच भाग जात नाही, ती मूळ संख्या. सात, अकरा, तेरा. शाळेत आपण त्या पाठ करून विसरलो. पण या संख्यांना शेवट नाही, आणि मोठ्या होतात तशा त्या सापडेनाशा होतात. लाखो अंकांचा एकेक आकडा तपासायचा म्हणजे कॉम्प्युटरचीही दमछाक. म्हणून जगभरचे हौशी लोक आकड्यांचे गठ्ठे वाटून घेतात आणि आपापल्या रिकाम्या कॉम्प्युटरवर चालवतात. आमच्या गावातल्या आणि आसपासच्या अशा वीसेक हौशींना गठ्ठे वाटायचं काम प्रमिलाताईंकडं. मिळत काहीच नाही. आकडा सापडला तर शोधणाऱ्यांच्या जागतिक यादीत नाव लागतं, बस.

ताई छावणी भागात एकट्याच राहतात. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, त्यामुळं माणसाला माणूस जोडून द्यायची खोड काही जात नाही. एकदा दाढ काढायला गेल्या आणि तोंडात कापसाचा बोळा असताना त्यांनी दातांच्या डॉक्टरांना यात ओढलं. "नाही म्हणायचं होतं," डॉक्टर मला नंतर म्हणाले, "पण त्या काय म्हणतायत तेच कळेना. मी मान डोलावत गेलो."

दर रविवारी सकाळी त्या सगळ्यांना फोन करतात. "बोला, लाइन चालू आहे" ही सुरुवात. मग निकाल. भाग जाणाऱ्या आकड्याला त्यांच्या भाषेत 'फुटला' म्हणतात. माझे आकडे दोन वर्षं नुसते फुटत होते. एकदा वैतागून मी म्हणालो, "ताई, मातीची मडकी देताय का मला?"

"असं नका म्हणू. फुटलेला आकडा वाया जात नाय, मुकुंदराव. तिकडं पुन्हा कुणाला जावं लागत नाय. रस्ता झाडून ठेवला तुम्ही."

ताईंच्या या हौशींत जवळच्या करमाड गावचे साहेबराव गायके होते. शेती सांभाळून झेरॉक्सचं दुकान चालवणारा उमदा माणूस. मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला. तरी त्यांच्या नावापुढं दर आठवड्याला निकाल यायचे, आणि मला कौतुक वाटायचं.

या उन्हाळ्यात एका लग्नासाठी करमाडला गेलो, तेव्हा त्यांना भेटावं म्हटलं. दुकानाचं शटर गंजलेलं. घरी गेलो तर साहेबराव झोपले होते. वहिनींनी मला ओसरीवर बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "दुकान कवाच बंद झालं. कॉम्प्युटरचं मशीनबी इकलं. त्यांना सांगितलं नाय, जिवाला लावून घेतील."

मी परतलो तो थेट छावणीत. ताईंच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर गुणगुणत होते. "हा दुसरा कुणाचा?" मी विचारलं.

ताई चष्मा पुसायला लागल्या. "माझाच आहे. पण साहेबरावांच्या नावानं चालतो. वहिनींनी मशीन इकल्याचं मला कळवलं होतं. अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला 'तुमचं नाव काढलं' म्हणून कसं सांगायचं?"

निघताना मी त्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पाठीवर तळवा ठेवला; गरम होता.

महिनाभरानं एका सकाळी त्या दुकान उघडायच्या आधीच दारात उभ्या. पदर खांद्यावर नाही, पायात दोन वेगवेगळ्या चपला. "मुकुंदराव, एक आकडा फुटत नाय! दुसऱ्या मशीनवर ताळा करायला पाहिजे. तुमचं मशीन लावा."

लावलं. दिवसभर गिऱ्हाइकांना कच्ची बिलं दिली. दिवेलागणीला पडद्यावर निकाल आला : मूळ संख्या. साडेतीन लाख अंकांची. आजवर सापडलेल्या सर्वांत मोठ्या मूळ संख्येच्या पासंगालाही पुरणार नाही, पण त्या दिवसापर्यंत ती कुणालाच माहीत नव्हती.

"कोणाच्या नावावर?" मी विचारलं, कारण बारा-तेरा वर्षं ताई याच क्षणाची वाट बघत होत्या.

"गठ्ठा ज्याचा, त्याचं नाव," त्या म्हणाल्या. माझ्यासमोरच त्यांनी साहेबरावांचं नाव टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही करमाडला गेलो. साहेबराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. ताईंनी छापून आणलेल्या आकड्याचं पहिलं पान त्यांच्या चालत्या हातात दिलं. ते एकेका ओळीवरून बोट फिरवत राहिले.

"फुटत नाय?"

"नाय. कशानंच नाय."

साहेबरावांचे डोळे भरून आले. जीभ जड होती, शब्द सावकाश येत होते. "ताई, मशीन इकलं, ते म्हायती हाय मला. शेजारच्यानं सांगितलं होतं. तरी माझ्या नावाचे निकाल येतच राहिले, तवाच समजलं तुमीच चालवताय."

दारातल्या वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"मग बोलला का नाय, साहेबराव?"

"बोललो असतो तर रईवारी तुमचा फोन आला नसता."

ताई खाटेच्या कडेला सरकल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी तरी रविवारी दुसऱ्या कुणाची वाट बघते? यादी लांबलचक आहे, साहेबराव, पण 'ताई, तुम्ही जेवल्या का' असं तुम्ही एकटेच विचारता."

वहिनी आत गेल्या आणि ताटं मांडायला लागल्या.