कोळंबीचं बोट आणि टाकीचं पाणी

अनुपमाला टायफॉइड झाला. तेरा दिवस ताप, मग पेज, औषधं आणि डॉक्टरांचं एकच वाक्य, "पाणी जपा." ती उठून बसायला लागली तेव्हा मी ठरवलं, आमच्या भांडुपच्या बिल्डिंगचं पाणी आपणच तपासायचं. (बायकोवर जीव आहे हे तोंडाने सांगायला जमत नाही, मग मी असली कामं काढतो.)

ऑनलाइन दोन बाटल्या मागवल्या. नळाचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर जंतू आहेत, नाही पडलं तर नाहीत. इतकं सोपं काम ऑफिसात मला कोणी कधी दिलं नव्हतं.

पहिली बाटली दुसऱ्याच दिवशी शाईसारखी काळी. ती घेऊन मी थेट सेक्रेटरी कुंडलिक परबांकडे गेलो. टाकी रिकामी झाली, घासली गेली, आणि सात मजल्यांची माणसं दोन दिवस टँकरखाली बादल्या लावत होती. जिन्यात लोक मला 'डॉक्टर सावंत' म्हणायला लागले.

अनुपमाची भाची श्वेता अंधेरीला लॅबमध्ये काम करते. ती मावशीला बघायला आली, तेव्हा मी बाटली कौतुकाने पुढे केली.

"काका, भरताना पाण्याला हात लागला का?"

"खुणेपर्यंत आलं का ते बोट घालून पाहिलं."

"त्याआधी काय करत होता?"

"कोळंबी साफ." (पेज अनुपमाला होती. कोळंबी मला.)

"मग हे जंतू कोळंबीचेही असतील. याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. पाण्यात नसले तरी टेस्ट म्हणते, आहेत."

अनुपमा आजारपणात पहिल्यांदाच हसली. त्या हसण्यासाठी मी आणखी चार टाक्या रिकाम्या करायला लावल्या असत्या.

दुसरी बाटली तीनदा साबणाने हात धुऊन भरली. दोन दिवसांनी पाणी स्वच्छ. लोकांचा विश्वास परत यावा म्हणून खाली सगळ्यांसमोर टाकीच्या नळाचं ग्लासभर पाणी घटाघटा प्यायलो. परबांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझा मुक्काम संडासात हलला होता. अनुपमाने श्वेताला फोन लावला, स्पीकरवर.

"काका, बाटली ठेवली कुठे होती?"

"फ्रिजमध्ये. खराब होऊ नये म्हणून."

"गारठ्यात जंतू वाढत नाहीत, काका. हा फॉल्स निगेटिव्ह. असतात, पण टेस्टमध्ये दिसत नाहीत."

अनुपमा उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून माझ्या उशाशी येऊन बसली. "माझी काळजी वाटते, एवढं सांगायचं होतंस ना. बाटल्या कशाला?"

उत्तर सुचलं होतं. पण ते देण्याआधीच मला पुन्हा धावावं लागलं.

श्वेताने लॅबमध्ये नेलेल्या पाण्यात खरंच जंतू निघाले. शोधाशोध केल्यावर टाकीकडे येणारा पाइप गटाराजवळ फुटलेला सापडला. पाइप बदलला, टाकी पुन्हा घासली, आणि परबांनी लिफ्टशेजारी नोटीस लावली :

"नवीन पाणी रहिवाशांनी दोन दिवस पिऊ नये. आधी तीनशे दोनचे सावंत पितील."

खाली 'हरकत नाही' असं लिहून अनुपमाने सही केली होती.