एप्रन, व्हिनेगर आणि वकीलसाहेबांचा कोट

चिऊचा एप्रन बाबांनी धुवायला घेतला, तो निव्वळ मायेपोटी.

चिऊ रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. बाबांची लाँड्री होती, आणि आपली मुलगी नक्की काय शिकते हे गिऱ्हाइकांना सांगताना त्यांची दरवेळी त्रेधा उडायची. "केमिस्ट्री? म्हणजे औषधांचं दुकान टाकणार का?" असं कुणी विचारलं, की ते "बघू, वेळ आहे अजून," म्हणत पावती फाडायचे. पण त्या दिवशी पोरगी प्रॅक्टिकल आटोपून दमून आली, काउंटरखाली एक प्लॅस्टिकची पिशवी सारून मागच्या घरात जेवायला गेली, आणि पिशवीतून मळका एप्रन दिसला तेव्हा त्यांना राहवेना.

पिशवीला दोन गाठी मारलेल्या होत्या. दोन का, असा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता. शिवाय दुसऱ्या कुणालाही पहिली गाठ सोडताच उत्तर मिळालं असतं. पण बाबांना सणसणीत सर्दी झाली होती. नाक होतं, ते फक्त चष्मा टेकवण्यापुरतं. त्यांनी एप्रन काढला, काउंटरवर घडी करून ठेवलेल्या वकीलसाहेबांच्या काळ्या कोटावर पसरला, खिसे चाचपले आणि मशिनमध्ये टाकला. मशिनमध्ये गायनमंडळाचे पांढरे शर्ट आधीच होते. संध्याकाळी त्यांचा मोठा कार्यक्रम होता.

एवढ्यात वकीलसाहेब धावत आले. "उशीर झाला हो!" म्हणत त्यांनी कोट कव्हरमध्ये कोंबला, चेन ओढली आणि कोर्टाकडे पळाले.

मशिन थांबलं. इस्त्रीवाल्या काकांनी कपडे काढून टबात टाकले. बाबांनी टबातल्या शेवटच्या पाण्यात नेहमीप्रमाणे थोडं व्हिनेगर घातलं. त्यानं कपडे मऊ होतात, हे त्यांचं धंद्यातलं गुपित होतं. कपडे वाळवणीच्या मशिनमधून निघाले आणि काकांनी पहिल्या शर्टावर गरम इस्त्री टेकवली.

वाफ उठली. काका इस्त्री तशीच उभी करून थेट रस्त्यावर गेले.

"काय झालं?" बाबांनी दारातून विचारलं.

"मालक, कुणीतरी ओकलंय त्या शर्टात!"

"काहीतरीच काय!" बाबांनी शर्ट उचलला, त्यात अख्खं तोंड खुपसलं आणि खोल श्वास घेतला. रस्त्यावरून काका ते डोळे विस्फारून बघत राहिले. "कुठंय वास? तुमच्या नाकाला काहीतरी झालंय."

तेवढ्यात आई पदर नाकाला लावून आली. "अगंबाई! उंदीर मेलाय कुठंतरी!"

उंदीर शोधायचा म्हणून मशिन सरकवलं. मशिन सरकलं तेव्हा पाण्याची नळी निसटली. नळी बसवायला बाबा वाकले, त्यांचा कोपर स्टार्चच्या बादलीला लागला, आणि बादली आडवी झाली. त्या चिकट पाण्यातून शेजारचा बेकरीवाला पावलं उचलत आत आला.

"शेठ, हे काय चाललंय? माझी गिऱ्हाइकं पाव हुंगून परत ठेवतायत! हे कधीचे आहेत, असं विचारतायत लोक!"

आता बाबांनाही पटलं, की एवढी माणसं एकाच वेळी खोटं बोलणार नाहीत. त्यांनी शर्टांवर अत्तर फवारलं. वास गेला नाही, फक्त नटूनथटून आला. आई बाहेर जाऊन काकांशेजारी उभी राहिली. आणि नेमक्या त्याच वेळी गायनमंडळाच्या बाईंचा फोन आला.

"शर्ट तयार आहेत ना? तासाभरात येते मी. आज सगळं शहर ऐकायला येणार आहे आम्हाला."

"तयारच आहेत," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवून मटकन खाली बसले. खाली स्टार्च होता. पण त्याकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते. इतक्या वर्षांच्या धंद्यात एक डाग राहिला म्हणून कुणी कपडा परत आणला नव्हता. आता अख्खं मंडळ रंगमंचावर उभं राहणार आणि पहिली रांग उठून जाणार! त्यांनी शर्ट पुन्हा मशिनमध्ये भरले आणि व्हिनेगरची भरलेली बाटलीच हातात घेतली. थोड्यानं भागलं नाही, तर आता सगळी.

"बाबा, थांबा! ओतू नका!"

चिऊ दारात उभी होती. जेवून ती पुस्तक वाचत पडली होती आणि पुस्तकासकट झोपली होती. वासानं तिला झोपेतून उठवलं होतं. त्या वासाशी सकाळीच तिची ओळख झाली होती, आणि ती काही विसरण्यासारखी नव्हती. तिची नजर काउंटरखाली गेली. रिकामी पिशवी. सुटलेल्या दोन गाठी.

"माझा एप्रन धुतलात?" तिनं बारीक आवाजात विचारलं.

"हो. मळला होता ना गं."

"बाबा, त्यावर आम्ल सांडलं होतं. ब्युटिरिक आम्ल. लोणी खवट झालं की जो वास येतो ना, तो त्याचाच. मी घरी वेगळा भिजवणार होते... माझ्यामुळे झालंय हे सगळं. मी सांगायला हवं होतं."

बाबा शिंकले.

"पण मग धुऊन निघाल्यावर वास का नव्हता?" काका बाहेरूनच ओरडले. "मीच काढले की कपडे मशिनमधून! साबणाचाच वास होता तेव्हा!"

"तेव्हा?" चिऊ वळली. "मग नंतर काय घातलंत?"

बाबांनी हातातली बाटली हळूच पाठीमागे नेली.

चिऊचा चेहरा एकदम उजळला. प्रॅक्टिकलमध्ये उत्तर जुळल्यावर उजळायचा तसा. "तेच! साबणाच्या पाण्यात त्या आम्लाचा क्षार झाला. क्षाराला वास नाही, तो निपचित पडून होता. आंबट व्हिनेगर गेलं आणि तुम्ही त्याला पुन्हा उठवून बसवलंत! आंबटावर आंबट ओतून कसं चालेल? धुण्याचा सोडा द्या."

"किती?"

"भरपूर. आणि शेवटी नुसतं साधं पाणी. दोनदा."

बाबांनी मुकाट्यानं डबा दिला. त्या दुकानात हुकूम सोडण्याचा मान आजवर त्यांचा एकट्याचा होता. पण आज तो आपसूक दुसरीकडे गेला आणि त्यांना त्याचं विशेष वाईटही वाटलं नाही. चिऊनं शर्ट सोड्याच्या गरम पाण्यात बुडवले, दाबले, उलटे केले. आईनं जमीन पुसली. नळी जागेवर बसली. बेकरीवाला निकाल बघायला थांबला, कारण निकालात त्याचेही पाव अडकले होते.

शर्ट वाळून आले. काका रुमाल बांधून आत आले आणि साप मारायला जावं तसा हात लांब करून इस्त्री टेकवली.

वाफ उठली. सगळ्यांनी श्वास रोखला. मग काकांनी रुमाल खाली ओढला. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"मालक," ते म्हणाले, "नुसत्या पाण्याचा वास येतोय हो!"

बेकरीवाल्यानं टाळी वाजवली. आईनं चिऊला मिठी मारली. बाबांनी एक शर्ट नाकाशी नेला, काहीच कळलं नाही, तरी खूश होऊन मान डोलावली.

बाई आल्या, शर्ट बघून प्रसन्न झाल्या आणि गेल्याही. त्यांच्या मागोमाग वकीलसाहेब आत आले. कोट अंगातच होता. त्यांच्याआधी त्याचा वास पोचला, आणि आई, काका, बेकरीवाला एका रांगेत मागे सरकले. हा कोट तर चिऊच्या ध्यानीमनीही नव्हता.

"साहेब, चूक झाली," बाबा हात जोडून म्हणाले.

"चूक? अहो, समोरचे वकील एकदा उभे राहिले की दिवस मावळेपर्यंत बसत नाहीत. आज मी शेजारी जाऊन उभा राहिलो, तर दोन मुद्द्यांत आटोपलं त्यांनी! इतकी वर्षं रखडलेला खटला, निकाल आपल्या बाजूनं!" त्यांनी कोटाच्या बाह्या प्रेमानं थोपटल्या. "काय घालता हो तुम्ही यात? अजून एका खटल्याची तारीख आहे माझी. तोवर याला पाणी लावायचं नाही."

बाबांनी चिऊकडे पाहिलं. "ते मला नका विचारू, साहेब. माझी मुलगी केमिस्ट आहे, औषधवाली नव्हे, खरीखुरी. ती ठरवेल."

चिऊ पुढे झाली. तिनं कोटाची कड बोटांत धरून पाहिली. "बाबा, लोकर आहे. सोडा चालेल?"

"खाण्याचा घे, थोडा. आणि पाणी गार," बाबा म्हणाले.

"काढा कोट," चिऊ वकीलसाहेबांना म्हणाली. "उद्या मिळेल."

वकीलसाहेबांनी तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं. तोंड मिटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, एकही मुद्दा न मांडता, त्यांनी कोट काढून दिला.