कमळाच्या शेळीचं दुखणं

कमळाला खाज सुटली होती, आणि तीही अशा जागी की चारचौघांत हात नेता येईना. भाट्याच्या खाडीत तिसऱ्यांचे शिंपले काढताना, बाजारात वाटे लावून बसताना ती नुसती चुळबुळ करायची. खाज तिनं सोसलीही असती, पण पाठोपाठ दह्यासारखं पांढरं जायला लागलं आणि तिला भलतीच शंका आली. शेजारची सखू पाणवठ्यावर नेहमी सांगायची, "मुंबैला जाणारे खलाशी येताना खाऊ आणतात, नि वाईट बिमारीपण आणतात." कमळाचा नवरा गुणाजी मुंबईच्याच मचव्यावर, शिडाच्या गलबतावर, खलाशी होता. शिमग्याला येताना त्यानं खाऊ तर आणलाच होता!

आता रडावं की भांडावं, हे कमळाला ठरवता येईना. भांडायचं तर आधी खात्री हवी. म्हणून ती दवाखान्यातल्या आवडाबाई सुईणीकडे गेली. नंबर लागला, तोंड उघडलं, आणि पाहते तर पाठीमागे पायात काटा मोडून घेतलेली सखू कान टवकारून बसलेली.

"काय होतंय गो?" आवडाबाईनं विचारलं.

"माजं काय नाय. आमच्या शेळीला खाज सुटलीय."

"इथं माणसं बघतात."

"पण तिला बायकांचं दुखणं हाय."

आवडाबाईनं चष्म्यावरून पाहिलं. "कुठं खाजवते?"

"खाजवत नाय. तिला लाज वाटते."

"पांढरं जातं?"

"दह्यासारखं."

"नि शेळीचा घोव कुठं असतो?"

"मचव्यावर," कमळा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

आवडाबाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिनं जांभळ्या औषधाची बाटली काढून दिली. "कापसानं लाव. डाग पडतो हो, शेळीला सांगून ठेव."

औषधाला गुण होता, पण डागही चांगलाच पक्का होता. धुऊन दांडीवर घातलेल्या लुगड्याच्या मधोमध तो जांभळा ठिपका साऱ्या वाडीला दिसू लागला. नेमकी तेव्हाच सखू शेळीच्या समाचाराला आली.

"अगो, शेळी पांढरीफेक, नि लुगडं जांभळं कसं?"

"मांडीवर घेऊन लावते गो, म्हणून."

"मग शेळीला कसं लागलं नाय?"

"आजचं लावायचंय अजून," कमळा म्हणाली आणि फसली. सखू पायरीवर ऐसपैस बसली. तिच्यादेखत शेळीची शेपटी उचलणं भाग पडलं. शेळीनं लाथ झाडली, बाटली कलंडली, आणि शेळी शेपटीपासून पोटापर्यंत जांभळी झाली. सखूनं ही बातमी घरोघर पोचवली. दुसऱ्या दिवशी दुधाचे सगळे रतीब बंद झाले. आजार कमळाचा, औषध कमळाचं, आणि बदनाम झाली ती बिचारी शेळी.

आणि अशात गुणाजीचा मचवा बंदराला लागला. दारातली जांभळी शेळी पाहून तो हसेल असं कमळाला वाटलं होतं. तो हसला नाही. गुपचूप जेवायला बसला, आणि भातात बोटं फिरवत म्हणाला, "ह्या शेळीचं औषध उरलंय काय गो?"

"कशाला?"

"आमच्या मचव्यावर एक बोकड हाय. त्याला पण खाज सुटलीय."

"कुठं?"

"त्याला लाज वाटते."

कमळानं ताट बाजूला सारलं. म्हणजे सखूचं खरं निघालं! "उठा!" ती कडाडली. "मुंबैत काय दिवे लावलेत, ते आज कळू दे." आणि उष्ट्या हाताच्या नवऱ्याला तिनं तसंच ओढत आवडाबाईच्या घरी नेलं. वाटभर गुणाजी "देवाशप्पत, काय नाय गो!" म्हणत होता, आणि कमळा डोळे पुसत होती.

आवडाबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिनं दोघांचं ऐकून घेतलं आणि कमळाला विचारलं, "खाडीत किती वेळ असतेस?"

"ओहोटी सरेपर्यंत."

"बाहेर आल्यावर लुगडं बदलतेस?"

"बाजार चुकेल ना!"

"आणि तू रे?"

"मचव्यावर लंगोटी सुकते कुठं?" गुणाजी पुटपुटला.

"घ्या! लोणच्याच्या बरणीत ओला हात गेला की बुरशी धरते ना? तसंच हे. वाईट बिमारी नव्हे नि काय नव्हे. औषध लावा, नि सुकं नेसा."

कमळाच्या जिवात जीव आला. गुणाजीनं मात्र गाल फुगवले. "माज्यावर इश्वास नव्हता तुजा?"

"होता तर! पण खाज त्याच्याहून जास्त होती."

दोघं हसत हसत पायऱ्या उतरू लागली, तशी आवडाबाईनं मागून हाक मारली.

"आणि काय गो, घरी ती खरी शेळी हाय ना, तिला आधी धुवा. तिनं तुमचं काय घोडं मारलंय?"