राणीचे दोन हुकूम

सिद्धेशने जानेवारीतल्या एका रविवारी साहेबाला अमेरिकेतल्या आपल्या हर्नडनच्या घरी बोलावलं ते बहिणीच्या लग्नासाठी. प्रीताचं लग्न मेमध्ये पुण्याला होतं आणि फिलिप या फ्रेंच साहेबाकडे महिन्याची रजा मागायचं सिद्धेशला धाडस होत नव्हतं.

बदामाचं सारण भरलेली गोल, पापुद्र्यांची पेस्ट्री फ्रेंच लोक या दिवसांत खातात. आत चिनी मातीचं छोटं बाळ लपवतात. ते ज्याच्या तुकड्यात निघेल तो त्या दिवसाचा राजा, त्याचा हुकूम सगळ्यांनी पाळायचा. साहेबाला राजा करून खुशीत आणायचं आणि मग रजेचा विषय काढायचा, असा सिद्धेशचा बेत होता.

त्याने तशी पेस्ट्री आणली होती. कुणाच्या घशात अडकायला नको म्हणून बेकरीने बाळ वेगळ्या पुडीत दिलं होतं. आता पुडी रिकामी होती.

“आई, यातलं बाळ?”

“देवघरात. आंघोळ घातली, कुंकू लावलं,” पद्मिनीबाई म्हणाल्या.

“अगं, ते पेस्ट्रीत घालायचंय.”

“पूजा झालेला बाळकृष्ण मैद्यात घालू?”

“वाद नको यार, सुपारी घाल,” सिद्धेशची बायको रेणू म्हणाली. तिनेच खालून चीर देऊन पूजेची सुपारी आत सरकवली आणि वर खुणेला लवंग टोचली.

तुकडे कुणाला द्यायचे हे घरातल्या सर्वांत लहानाने टेबलाखाली बसून सांगायचं असतं. सिद्धेशने इशिताला बजावलं, “मी खोकलो की फिलिप अंकल म्हणायचं.”

“ओके, बाबा.”

वाइनच्या दुकानदाराने गोड वाइन सुचवली होती. गोडावर गोड कशाला, म्हणून सिद्धेशने शॅम्पेन आणली. फिलिप आला, रेणू पेस्ट्री कापायला लागली. सिद्धेशने घोट घेतला, बुडबुडे नाकात गेले आणि पहिल्याच तुकड्याला तो जोरात खोकला.

“फिलिप अंकल!”

लवंगेचा तुकडा आला तेव्हा सिद्धेश पुन्हा खोकला.

“ही ऑलरेडी गॉट वन, बाबा. हा आजीला.”

“यात अंडं आहे का ते मला सांगू नका,” म्हणत पद्मिनीबाईंनी चमचा घातला. चमचा खट्कन अडला.

फिलिपने उठून कागदी मुकुट त्यांच्या डोक्यावर ठेवला. राणीचा हुकूम काय, असं त्याने विचारलं. इशिताने आजीला ते मराठीत सांगितलं.

“साहेबांना म्हणावं, सिद्धेशला बहिणीच्या लग्नाला महिनाभर रजा द्या.”

इशिताने ते इंग्रजीत सांगितलं. सिद्धेश ताटलीकडे बघत राहिला. फिलिप हसला आणि रीतसर वाकून “यस, युअर मॅजेस्टी” म्हणाला. मग त्याची नजर देवघराकडे गेली.

“ते बाळ तर आमच्या पेस्ट्रीतलं,” तो म्हणाला.

“दुसरा हुकूम,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “त्याला कुणी हात लावायचा नाही.”

इशिताने तेही सांगितलं. फिलिपने मान डोलावली आणि शॅम्पेनची बाटली देवघरापासून जरा लांब सरकवली.